रविवारची रात्र आणि सोळा अँपिअरचा पॉइंट

मेसच्या जेवणावर एक अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून मी हे लिहायला बसले आहे. दरवर्षीच्या अंकात मेसवर किमान दोन विडंबनं आणि एक कविता असतेच. त्या सगळ्यांत मिळून मेसची आमटी आता आणखी पातळ होणं शक्य नाही. शिवाय एवढ्या मुलींना रोज दोन वेळा गरम पोळी देणं ही काही गंमत नव्हे. माझा प्रश्न वेगळा आहे. मेस नसते तेव्हाचं काय?

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी भरपूर बोलले, लिहिलं मात्र फक्त मराठीच्या तासाला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेसला सुट्टी, हा नियम महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्या हॉस्टेलवाल्यांना पाठ असतो. त्यात सबमिशनचा आठवडा आला की रात्री साडेआठला मेस बंद आणि आम्ही नऊपर्यंत वर्कशॉपमध्ये. मग उरतं काय? गेटवरचा वडापाव, मोबाइलवरून मागवलेला बिर्याणीचा डबा, नाहीतर मॅगी. आता मॅगी म्हटली की ती कशावर होते हे सगळ्यांना माहीत आहे. रेक्टर मॅडमनाही माहीत आहे. कपाटाच्या मागे, उलट्या बादलीखाली, कधी चक्क कपड्यांच्या सूटकेसमध्ये एक कॉइलची शेगडी असते. तपासणीला ती सापडते, जप्त होते, दंड होतो आणि पुढच्या आठवड्यात बाजारातून दुसरी येते. हा खेळ आमच्या आधीच्या किती बॅचेस खेळल्या असतील कोण जाणे!

नियमाचं कारण मला पूर्ण पटतं, हे आधीच सांगते. आपण इंजिनियर होणार आहोत, तर आकडेच बघू. खोलीतला साधा पॉइंट सहा अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यातून फार तर १३८० वॉट घ्यायचे. बाजारातली साधी इंडक्शन शेगडी २००० वॉटची, म्हणजे ८.७ अँपिअर. करंट दीडपट झाला की तारेत तयार होणारी उष्णता वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यात आपल्याकडे प्लगला पिन बसत नाही म्हणून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये घालणारे थोर लोक आहेत (हे फक्त मुलांच्या हॉस्टेलमध्ये होतं असा गैरसमज नको). आणि ही शेगडी चालते कुठे? गादीपासून दोन फुटांवर, दार आतून बंद करून, कारण वास बाहेर जायला नको. आग लागली तर पहिली दोन मिनिटं कडी काढण्यातच जातील.

पण बंदी घालून भूक बंद होत नाही. बंदीमुळे स्वयंपाक फक्त सगळ्यांत वाईट जागी आणि सगळ्यांत वाईट वायरिंगवर ढकलला जातो. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक हॉस्टेलला एक पँट्री द्या. तळमजल्यावर मोडक्या खाटा आणि एक पाय नसलेला कॅरम ठेवलेली जी खोली आहे, तेवढी पुरे. दोन सोळा अँपिअरचे पॉइंट, स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एक इंडक्शन, एक ओटीजी, बेसिन आणि एक एक्झॉस्ट फॅन. इलेक्ट्रिकलवाल्यांनी एका दुपारी लोड कॅल्क्युलेशन करून द्यावं, त्यांचा मिनी प्रोजेक्टही होऊन जाईल.

यावर पहिला प्रश्न येतो, की तिथे तुम्ही करणार काय? पुन्हा मॅगीच ना? म्हणून उत्तर तयार करून आणलंय.

माझी रूममेट मडगावची. सुट्टीहून येताना ती वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर तीन प्लास्टिकच्या पिशव्या चढवून चोरिस आणते. म्हणजे गोव्याची सॉसेजेस. तीन पिशव्या असूनही बसमधल्या निम्म्या लोकांना कळतं. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, माडाच्या ताडीपासून केलेलं व्हिनेगर, लाल मिरची, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी, भरपूर मीठ, हे सगळं मुरवून आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारायच्या आणि उन्हात वा धुरावर सुकवायचं. बारीक मण्यांच्या माळेला तिकडे रोझरी म्हणतात. आमच्या सिस्टर्सना हे नाव आवडलं असतं की नसतं, सांगता येत नाही. पावसाळ्याची जी बेगमी असते, आपण जसे पापड-कुरडया करतो, तशी तिकडे सुक्या मासळीबरोबर चोरिसही मे महिन्यात भरून ठेवतात. त्या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ह्याच्या माळा टांगलेल्या दिसतात.

चोरिस हे नाव पोर्तुगीज शोरिसूवरून आलं. पोर्तुगीज गोव्यात १५१० ते १९६१ असे साडेचारशे वर्षं होते, त्यामुळे त्यात नवल नाही. नवल हे की त्याच्याबरोबर मी ट्रेमध्ये जो बटाटा घालते, तो शब्दही पोर्तुगीज, आणि वर जो पाव पुसून खाते तोही. मिरचीसुद्धा त्यांच्याच गलबतांतून आपल्याकडे आली. तेव्हा 'हे काय परदेशी फॅड!' म्हणणाऱ्यांनी आधी गेटवरचा वडापाव खाणं सोडावं.

पोर्क न खाणाऱ्यांनी इथे वाचणं थांबवू नये. पदार्थाचा गाभा सॉसेजमध्ये नाही. इंग्लंड-अमेरिकेत कामावरून थकून आलेले लोक एका ट्रेमध्ये सॉसेज आणि घरात असतील त्या भाज्या टाकतात, ट्रे ओव्हनमध्ये सरकवतात आणि पाऊण तासाने जेवतात. गाभा तो आहे. एक भांडं, कोरडी आच, आणि मधल्या वेळात तुम्ही मोकळे. आपल्याकडे एका भांड्यातली जेवणं पुष्कळ आहेत, खिचडी आहे, वरणफळं आहेत, पण ती पाण्यातली. कोरड्या आचेवरचं आपलं जेवण म्हणजे रायगडातली पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, भांबुर्ड्याचा पाला आणि जाडं मीठ मडक्यात ठासून भरायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. अलिबागकडच्या कोणालाही विचारा, पोपटीवर तो अर्धा तास बोलेल. ओव्हनचा ट्रे म्हणजे शेतात न जाता केलेली पोपटी, असं मी म्हणते आणि आमच्या वर्गातला पेणचा मुलगा माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं, मडक्यात शेंगा स्वतःच्या वाफेवर शिजतात, ट्रेमध्ये वाफ उडून जाते. त्याचा मुद्दा बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे ट्रेचं सगळं यश त्या वाफेला उडू देण्यातच आहे.

का ते बघा. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी, फ्लॉवर आणि सिमला मिरचीत नव्वदच्या वर. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, ओव्हन २०० वर असला तरी. आणि तो खमंग, तपकिरी रंग येतो १४०च्या पुढे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार याने १९१२ मध्ये ह्या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार रिअ‍ॅक्शन म्हणतात. पोळीवरचे डाग, भाजलेला कांदा, चहाबरोबरचा टोस्ट, सगळीकडे तीच. म्हणजे आधी पाणी घालवायला हवं. एक किलो पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३१५ किलोज्यूलच्या आसपास लागतात, पण त्याची वाफ करायला २२५७. सातपट! आपण ट्रे गच्च भरला, भाज्यांचे दोन थर दिले, की ती वाफ खालीच अडकते आणि भाज्या उकडतात. बहुतेक लोक 'ओव्हनमध्ये नीट होत नाही' म्हणतात त्याचं कारण हेच. एकच थर द्यायचा आणि तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडायची. ओटीजीचा ट्रे लहान असतो, चौघींचं एकदम मावत नाही. मग दोन घाणे काढायचे.

दुसरं, चिरणं. आतपर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरात फुरिए नंबर वापरून आपण हे सोडवतो आणि नंतर विसरतो. चार सेंटिमीटरच्या बटाट्याला दोन सेंटिमीटरच्या बटाट्याच्या चौपट वेळ. म्हणून एकसारखे तुकडे करायचे. सुंदर दिसावं म्हणून कोणी हे सांगत नाही.

आता कृती. चौघींसाठी मध्यम चार बटाटे, साल ठेवून, दोन सेंटिमीटरचे तुकडे. धुऊन पंचाने खरंच कोरडे पुसायचे. दोन गाजरं तशीच. ओव्हन २०० अंशांवर तापवून घ्यायचा. बटाटे-गाजरांना चमचाभर तेल चोळून ट्रेमध्ये पसरायचे आणि वीस मिनिटं एकटेच ठेवायचे. सॉसेज आधी घालायचा मोह होतो, पण नको. चोरिसमध्ये व्हिनेगर असतं आणि आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही. आई नेहमी म्हणते, 'चिंच आधी घालू नकोस, शिजायचं नाही', ते हेच. दुसरं कारण मिरचीचं. ती एवढ्या आचेवर चटकन काळी पडते आणि कडू होते.

वीस मिनिटांनी पाव किलो चोरिस दोरे आणि वरचं साल काढून, हाताने मोकळा करून, बटाट्यांच्या फटींत बसवायचा. तीन कांदे उभे चार भाग करून त्यावर, म्हणजे मिरची झाकली जाते. लसणाचा एक गड्डा पाकळ्या न सोलता. मीठ घालायचं नाही, तेलही आता नाही. चोरिसची चरबी वितळून लालभडक होते आणि बटाट्यांना आपोआप लागते. दहा-बारा मिनिटांनी एकदा उलथनं फिरवायचं, सिमला मिरचीचे मोठे तुकडे घालायचे आणि आणखी दहा मिनिटं. चोरिस सुकवलेला असला तरी कच्चाच असतो, तो आतपर्यंत शिजलाच पाहिजे. खिम्याच्या पोर्कसाठी आतलं तापमान ७१ अंश आणि चिकनसाठी ७४ हा हिशेब. थर्मोमीटर आपल्या लॅबमध्ये आहेत, पण ते तिथेच राहू द्या. मोठा तुकडा फोडून बघा, कुठेही गुलाबी, लिबलिबीत दिसता कामा नये.

दुकानातली चिकन सॉसेजेस बहुतेक आधी शिजवलेली असतात, पाकिटावर वाचून घ्या. ती शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायची. त्यांच्यात चरबी कमी, म्हणून तेल दोन-तीन चमचे, मीठ-तिखट वेगळं, आणि शेवटी लिंबू. पनीर शेवटच्या दहा मिनिटांत. एवढ्यावर सगळं आलं.

हे मी शिकले ते माझ्या लोकल गार्डियन काकूंच्या घरी. काकू शाकाहारी, पण त्यांनी एक जुना ट्रे बाजूला काढला, त्यावर नेलपॉलिशने लाल ठिपका दिला आणि म्हणाल्या, ''हा तुझा. माझ्यात मिसळू नकोस म्हणजे झालं.'' आधी त्यांच्या ट्रेमध्ये बटाटा, फ्लॉवर, गाजर आणि गोडा मसाला, मग माझा. पहिल्यांदा त्यांचा ट्रे आत गेला आणि त्या सवयीने ओट्यापाशी उभ्याच राहिल्या.

''काकू, बसा ना. चाळीस मिनिटं काही करायचं नाहीये.''

''काहीच नाही? परतायचं नाही?''

''नाही. एकदा फक्त हलवायचं.''

त्या बसल्या. पेपर उघडला. थोड्या वेळाने म्हणाल्या, ''अगं, पस्तीस वर्षं संध्याकाळी सात ते नऊ मी उभी आहे. ह्या वेळेला पेपर वाचायचा हे मला माहीतच नव्हतं.''

चोरिसपेक्षा मला ह्या वाक्याबद्दल लिहायचं होतं. आपल्याकडे 'नीट जेवण' म्हणजे पोळी, भाजी, वरण, भात आणि एक कोशिंबीर. मला ते अतिशय आवडतं. पण ते जेवण रोज संध्याकाळी कोणाचे तरी दोन तास घेतं आणि ते कोणाचे, हे सांगायची गरज नाही. हॉस्टेलमध्ये ते दोन तास मेसच्या मावशींचे असतात. चार वर्षांनी नोकरी लागून आपण बेंगळुरू नाहीतर हिंजवडीला फ्लॅट घेऊन राहू, तेव्हा ते कोण देणार? मी हा प्रश्न आमच्या वर्गात विचारला. मुलींनी म्हटलं, 'बघू, शिकू'. मुलांपैकी बहुतेकांनी 'ऑर्डर करू' म्हटलं, आणि एकाने अगदी निरागसपणे 'लग्न होईलच की' म्हटलं. त्याला चहाच्या टपरीवर दोन दिवस कोणी बोलू दिलं नाही.

पण त्याचा एकट्याचा काय दोष? आमच्या हॉस्टेलला दूध तापवायला एक हॉटप्लेट दिलेली आहे, कॉरिडॉरच्या टोकाला. मुलांच्या हॉस्टेलला तीही नाही. चौकशी केली तेव्हा ऑफिसमधून उत्तर मिळालं, ''मुलं कशाला दूध तापवतील?'' म्हणजे दोन्ही हॉस्टेलच्या वायरिंगचा नकाशा काढणाऱ्यानेच ठरवून टाकलं, की पुढे कोण उभं राहणार आणि कोण पेपर वाचणार! म्हणून पँट्री दोन्हीकडे पाहिजे, आणि खरं सांगायचं तर आधी मुलांकडे.

हरकती मला माहीत आहेत. स्वच्छता कोण करणार, झुरळं होतील, वगैरे. वही ठेवा, नाव आणि वेळ लिहा, ज्याने वापरलं त्याने धुवायचं, नाही धुतलं तर त्याचं पुढच्या महिन्याचं बुकिंग बंद. लॅबमध्ये आपण व्हर्नियरसाठी सही करतोच. विजेचं म्हणाल तर १२०० वॉटचा ओटीजी पाऊण तास सतत चालला तरी ०.९ युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट मधेमधे बंद होतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच.

वासाची हरकत मात्र खरी आहे आणि तिला उडवून लावणं मला पटत नाही. माझ्या विंगमध्ये दोन जैन मैत्रिणी आहेत. व्हिनेगर आणि लसणाचा तो वास एक्झॉस्ट फॅन लावला तरी दुसऱ्या मजल्यावर जाणारच. त्यांना 'सवय करून घ्या' म्हणणं हा उद्धटपणा झाला. माझ्या मते नॉनव्हेज फक्त बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी करावं, ट्रे वेगळे, घासण्या वेगळ्या, आणि काकूंचा लाल ठिपका. आपल्याकडे बऱ्याच घरांत हेच वार असतात, त्यामुळे कोणाला नवीन काही शिकवावं लागणार नाही. कोणाला याहून चांगली वाटणी सुचत असेल तर सुचवा. पण वासाचं कारण सांगून दोन्ही शेगड्या कायमच्या बंद ठेवू नका.

ओटीजीला पैसे नसतील तर नुसत्या इंडक्शनवरही जमतं. बिडाचा जाड तवा किंवा कढई घ्या. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटला तरच ते चालेल. अ‍ॅल्युमिनियमची कढई तिथे नुसती थंड बसून राहते. बटाटे एका थरात, मंद आचेवर, झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं, मग झाकण काढून ते कोरडे होऊ द्यायचे, मग चोरिस आणि कांदा. इथे मधूनमधून हलवावं लागतं, काकूंना पेपर वाचता येणार नाही. चव मात्र ट्रेइतकीच, आणि माझी रूममेट म्हणते जास्तच, कारण तिच्या घरी चोरिस कढईतच होतो. तळाला जी लाल, कुरकुरीत खरवड चिकटते, ती साबण लावण्याआधी पावाने पुसून घ्यायची. आमच्यात ठरलेलं आहे, खरवड ज्याने कांदे चिरले त्याची.